१/३५ मापाचा सैनिक: पहिली फिगर जोडताना आणि रंगवताना

१/३५ मापात, म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्श्यात, पावणेसहा फुटी माणूस बरोबर पाच सेंटिमीटरचा होतो. एवढ्याशा अंगावर उजेड पडतो, पण सावली पडत नाही. पँटच्या गुडघ्यामागच्या चुण्या प्लास्टिकमध्ये नीट कोरलेल्या असतात, तरी ट्यूबलाइटखाली त्या दिसतच नाहीत. म्हणून सगळ्या कपड्यांवर एकसारखा खाकी रंग फासला की सैनिक खेळण्यातला दिसतो, मग तो रंग कितीही अचूक असो. फिगर रंगवायची म्हणजे कापडाचा रंग द्यायचा आणि त्यावर ऊन-सावलीही आपणच रंगवायची. पुढच्या सगळ्या कृती याच एका कामासाठी आहेत.

उदाहरणासाठी दुसऱ्या महायुद्धातला, इटलीच्या आघाडीवरचा ब्रिटिश पद्धतीच्या गणवेशातला पायदळ सैनिक घेऊ. या गणवेशाच्या फिगर सहज मिळतात, रंग मोजके लागतात आणि आपल्याकडच्या वाचकाला त्यात जवळचा धागा आहे. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पलटणी याच आघाडीवर लढल्या. ३/५ मराठाचे (पाचव्या मराठा रेजिमेंटच्या तिसऱ्या पलटणीचे) नाईक यशवंत घाडगे यांना १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात केलेल्या पराक्रमासाठी, तर १/५ मराठाचे शिपाई नामदेव जाधव यांना ९ एप्रिल १९४५ रोजी सेनियो नदीकाठी केलेल्या पराक्रमासाठी व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिश शौर्यपदक मिळालं. ब्रिटिश सैनिकाच्या संचातून मराठा सैनिक उभा करता येतो. त्यासाठी काय बदलावं लागतं ते ओघात येईलच.

काय आणायचं

सुरुवातीला फार सामान घेऊ नका. स्प्रूवरून, म्हणजे सगळे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडून येतात तिच्यावरून, भाग सोडवायला बारीक टोकाचा साइड कटर, ११ नंबरच्या पात्याचा क्राफ्ट नाइफ, ४००, ६०० आणि १००० नंबरचा पॉलिश पेपर, चिमटा आणि ०.५ ते ०.८ मि.मी. ड्रिल धरणारा पिन व्हाइस. चिकटवायला प्लास्टिक सिमेंट, शक्यतो पाण्यासारखं पातळ आणि झाकणालाच ब्रश असलेलं. तामियाचं हिरव्या झाकणाचं एक्स्ट्रा थिन हे त्यातलं सर्वांत प्रचलित, ४० मि.ली.ची बाटली कित्येक फिगरना पुरते. हे सिमेंट चिकटवत नाही, तर दोन्ही बाजूंचं पॉलिस्टायरिन विरघळवून एकजीव करतं. म्हणूनच ते रंगावर, धातूवर किंवा रेझिनवर चालत नाही. तिथे फेविक्विकसारखा गोंद लागतो.

ब्रशवर मात्र पैसे वाचवू नका. कोलिन्स्की सेबल केसांचे दोन ब्रश, १ आणि ० नंबरचे, एवढे पुरे. नवखी मंडळी हमखास ०००० नंबरचा ब्रश घेतात आणि तिथेच फसतात. त्या ब्रशच्या पोटात रंगच राहत नाही, डोळ्यापर्यंत पोचेस्तोवर टोकावरचा थेंब वाळतो. बारीक रेघ टोकाच्या अणकुचीमुळे येते, ब्रश बारका असल्यामुळे नाही. रंग कालवायला आणि ड्रायब्रशला (जवळजवळ कोरड्या ब्रशने कडांवर रंग घासायला) साधे, स्वस्त ब्रश वेगळे ठेवा. चांगल्या ब्रशच्या धातूच्या नळीत रंग शिरला की केस फाकतात, म्हणून तो निम्म्यापर्यंतच बुडवा.

रंग पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक घ्या. व्हॅलेहो या स्पॅनिश कंपनीच्या मॉडेल कलर मालिकेतल्या अकरा बाटल्यांत हे काम होतं: इंग्लिश युनिफॉर्म (७०.९२१), खाकी (७०.९८८), इराकी सँड (७०.८१९), रशियन युनिफॉर्म (७०.९२४), फ्लॅट ब्राऊन (७०.९८४), बर्न्ट अंबर (७०.९४१), फ्लॅट फ्लेश (७०.९५५), काळा (७०.९५०), पांढरा (७०.९५१), गनमेटल ग्रे (७०.८६३) आणि ब्रास (७०.८०१). यांशिवाय करड्या रंगाचा प्रायमर (रंगाआधी द्यायचा अस्तराचा थर) आणि मॅट व्हार्निश.

वेट पॅलेट घरीच करा. झाकणाच्या पसरट डब्यात भांडी पुसायचा पातळ स्पंज ओला करून ठेवा, त्यावर बेकिंग पेपर अंथरा, रंग त्या कागदावर काढा. विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात उघड्या प्लेटवरचा रंग दोन मिनिटांत सायीसारखा जमतो. या डब्यात तोच दिवसभर ओला राहतो.

भाग सोडवणं आणि शिवण घासणं

आधी स्प्रू कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाकून धुवा आणि वाळू द्या. साच्यातून भाग सुटावा म्हणून लावलेल्या तेलाचा अंश राहिला तर प्रायमर तिथे धरत नाही. भाग कापताना एकदम अंगालगत कापू नका. आधी दोन मि.मी. लांबून, मग उरलेला खुंट पात्याने पातळ चकत्या काढत. एका झटक्यात कापलं की प्लास्टिक ताणलं जाऊन पांढरं पडतं किंवा खड्डा पडतो, आणि हा खड्डा नेमका खांद्यावर किंवा बुटावर येतो.

साच्याच्या दोन बाजू मिळतात तिथे प्रत्येक भागावर केसासारखी एक शिवण उमटते: पँटच्या दोन्ही कडांना, बाह्यांना, हेल्मेटला, बंदुकीच्या नळीला आणि कानांवरून गेलेली डोक्याला. नवख्यांची फिगर बिघडण्याचं पहिल्या क्रमांकाचं कारण हीच. करड्या प्लास्टिकवर ती दिसत नाही, पण रंग दिल्यावर त्या कडेशी रंग साचतो आणि पाय दोन तुकड्यांचा दिसू लागतो. भाग दिव्यासमोर तिरका धरा, शिवण चमकेल. पातं काटकोनात उभं धरून, कापण्याऐवजी खरवडा. नंतर ६०० आणि १००० नंबरचा पॉलिश पेपर ओला करून हलक्या हाताने फिरवा. ओला असला की धूळ उडत नाही आणि चराही कमी पडतो. चुण्यांच्या आत पेपर जात नाही, तिथे पात्याचं टोक. शेवटी त्या जागेवर सिमेंटचा अगदी पुसट हात फिरवला की खरवडल्याचा खडबडीतपणा विरघळून कापडासारखा सलगपणा येतो.

जोडणी

इथे घाई झाली की सगळं वाकडं होतं. क्रम असा ठेवा.

पहिल्या दिवशी दोन पाय आणि धड. भाग आधी कोरडे जुळवून पाहा, मग दाबून धरा आणि सांध्याच्या फटीला ब्रशचं टोक नुसतं टेकवा. सिमेंट आपोआप आत ओढलं जातं. बोट फटीवर असेल तर सिमेंट बोटाखालीही ओढलं जातं आणि प्लास्टिकवर ठसा कायमचा उमटतो. तसं झालंच तर लगेच पुसू नका. पुसल्याने मऊ झालेलं प्लास्टिक आणखी फरफटतं. दिवसभर वाळू द्या आणि मग घासा. फिगर सपाट काचेवर उभी करून दोन्ही टाचा टेकतात का ते आत्ताच बघा.

दोन्ही हातांनी बंदूक धरलेली असेल तर पुढचं काम एका बैठकीत करावं लागतं. दोन्ही दंड खांद्याला लावा, सिमेंट मऊ असतानाच, म्हणजे पाच-दहा मिनिटांत, बंदूक दोन्ही तळव्यांत बसते का ते पाहून हात थोडे फिरवून घ्या. बसली की ब्लू-टॅकने (पुन्हा काढता येणाऱ्या चिकट गोळ्याने) आधार द्या, रात्रभर तसंच ठेवा आणि सकाळी बंदूक काढून घ्या. बंदूक आत्ताच चिकटवायची नाही. एक हात वाळल्यावर दुसरा लावला तर हमखास एक तळवा हवेत राहतो.

इटलीतल्या मराठा सैनिकासाठी बंदुकीचा विचार वेगळा करावा लागतो. ब्रिटिश संचांत बहुधा रायफल किंवा स्टेनगन असते, पण घाडगे आणि जाधव दोघांच्याही हातात टॉमीगन, म्हणजे थॉम्पसन सबमशीनगन, होती. ती अमेरिकन पायदळाच्या संचात मिळते. या मापात सव्वादोन सेंटिमीटरच्या आसपास. दुसरी गोष्ट ऋतूची. जाड लोकरी सर्जचा बॅटलड्रेस हा थंडीचा पोशाख. इटलीच्या उन्हाळ्यात सुती खाकी ड्रिल वापरात होतं, त्याचा रंग पिवळसर वाळूकडे झुकणारा. जुलैचा प्रसंग दाखवायचा असेल तर बाह्या दुमडलेला सुती शर्ट घातलेली फिगर शोधा. सर्जच्या कोटाला वाळूचा रंग दिला म्हणून तो सुती होत नाही. त्याच्या चुण्या जाड आणि गोल असतात.

डोकं, हेल्मेट, बंदूक आणि पाठीवरची पिशवी रंग देईपर्यंत सुटीच ठेवा. मानेत ०.८ मि.मी.चं भोक पाडून पेपरक्लिपच्या तारेचा तुकडा बसवा आणि डोकं त्यावर रंगवा. हेल्मेट चिकटवून टाकलं तर कपाळ आणि डोळ्यांपर्यंत ब्रश पोचणार नाही. एका टाचेतही तशीच तार घाला आणि ती जुन्या बाटलीच्या बुचात रोवा. हे बुच म्हणजे तुमची मूठ. रंग सुरू झाल्यावर फिगरला बोट लावायचं नाही, कारण त्वचेचं तेल कडांवरचा रंग खातं.

काखेत आणि कमरेला फट राहतेच. ती पुटीने भरा, वाळल्यावर घासा. एम-सील यासाठी वापरू नका. त्याचा पोत एवढ्या बारीक कामाला जाड पडतो आणि चुणी कोरायला वेळ मिळत नाही. ते पुढे जमिनीसाठी उत्तम. बंदुकीचा पट्टा संचात नसेल तर मास्किंग टेपची पट्टी कापा. खरा पट्टा सव्वा इंच रुंद, म्हणजे इथे जेमतेम ०.९ मि.मी. दोन मि.मी.चा पट्टा लावलेल्या फिगर सर्रास दिसतात आणि सैनिकाने सामान बांधायचा पट्टा अडकवल्यासारखा वाटतो.

प्रायमर

ॲक्रिलिक रंग उघड्या प्लास्टिकवर धरत नाही, नखाने निघतो. स्प्रे कॅन असेल तर तो कोमट पाण्यात पाच मिनिटं ठेवा (उकळत्या पाण्यात कधीही नाही), २० ते २५ सें.मी. अंतरावरून फिगरच्या बाहेर फवारा सुरू करा, आडवा नेऊन बाहेरच थांबवा. दोन-तीन पुसट थर, मध्ये दहा मिनिटं. काम खिडकीशी आणि मास्क लावून.

मुंबई आणि कोकणात पावसाळ्यात इथे घात होतो. दमट हवेत फवारलेल्या थरावर बाष्प धरतं आणि तो पांढुरका, धुरकट होतो. हवेतली आर्द्रता ७० टक्क्यांवर असेल तर स्प्रे बाजूला ठेवा आणि ब्रशने लावायचा ॲक्रिलिक प्रायमर वापरा. तो चार थरांत लावावा लागेल, पण दगा देणार नाही.

करडा थर वाळला की डोक्याच्या बरोबर वरून, थोडं पुढून, पांढऱ्या रंगाचा एकच पुसट फवारा मारा. स्प्रे नसेल तर जवळजवळ कोरड्या ब्रशने पांढरा रंग वरच्या कडांवरून फिरवा. आता खांदे, छाती, मांडीचा वरचा भाग, गुडघा उजळ दिसेल आणि काखा, हनुवटीखालचा आणि मांड्यांमधला भाग करडा राहील. मोबाइलवर चारही बाजूंनी फोटो काढून ठेवा. ऊन कुठे पडतं याचा तो नकाशा. पुढे प्रत्येक रंग देताना तोच समोर ठेवायचा.

गणवेश

रंग दह्यासारखा नको, ताकासारखा हवा. पहिल्या थराला एक भाग रंग, एक भाग पाणी. ब्रश भरला की टिश्यूवर एकदा टेकवून जादाचं पाणी काढा. ही सवय लागली नाही तर रंग चुण्यांत वाहून डबकी साचतात. इंग्लिश युनिफॉर्मचे दोन-तीन पातळ थर द्या. पहिला थर ठिगळ-ठिगळ दिसेल. घाबरून जाड रंग घेऊ नका. जाड थराने सर्जचा पोत आणि बटणं कायमची बुजतात.

सावलीसाठी त्याच रंगात एक तृतीयांश बर्न्ट अंबर आणि तीनपट पाणी. फोटोत जे करडं राहिलं आहे तिथे: चुणीच्या खाली, खिशाच्या झापेखाली, पट्ट्याच्या कडेला. ब्रश उजळ भागाकडून गडद भागाकडे ओढायचा, कारण ब्रश जिथे उचलता तिथे सर्वांत जास्त रंग बसतो. उजेडासाठी उलट. इंग्लिश युनिफॉर्ममध्ये आधी खाकी, मग थोडं इराकी सँड मिसळत तीन पायऱ्या चढा, प्रत्येक पायरीला जागा लहान होत गेली पाहिजे. शेवटचा, सर्वांत उजळ रंग फक्त कॉलरच्या कडेला, कोपराच्या टोकाला आणि गुडघ्यावर, रेघेइतका. उजेडासाठी पांढरा रंग मिसळू नका. खाकीत पांढरा पडला की कापड राख फासल्यासारखं दिसतं.

प्रत्येक पायरीनंतर फिगर हातभर लांब धरून बघा. नाकाजवळ धरल्यावर उजेड भडक वाटतो, पण एक फुटावरून तोच बरोबर असतो. नवख्यांची चूक बहुतेक वेळा भडकपणाची नसते, भित्रेपणाची असते.

१९३७च्या नमुन्याचे कॅनव्हासचे पट्टे, छातीवरचे दोन पाऊच आणि घोट्यावरचे अँकलेट्स गणवेशाहून हिरवट-उजळ ठेवा: खाकीत थोडं रशियन युनिफॉर्म. दोघांचा रंग एक झाला तर पट्टे कपड्यात हरवतात. पट्टा आणि कापड यांच्या मधोमध बर्न्ट अंबरची, पाच-सहापट पाणी घातलेली रेघ ओढा. या एका रेघेने फिगर स्पष्ट होते. बकलांवर ब्रासचा ठिपका. हेल्मेट रशियन युनिफॉर्ममध्ये चिमूटभर काळा घालून. बूट काळे, पण शुद्ध काळे नकोत: काळ्यात बर्न्ट अंबर, आणि टोकाला त्यातच थोडी खाकी मिसळून झिजलेली कड. बंदुकीचा लाकडी दस्ता फ्लॅट ब्राऊन, धातू काळा, मग कडांवर गनमेटल ग्रे कोरड्या ब्रशने.

चेहरा

जुन्या-नव्या बहुतेक रंग-तक्त्यांत त्वचेचं मिश्रण युरोपीय सैनिकाचं असतं. ते वापरून नंतर तपकिरी पाणी फिरवलं तर मराठा सैनिक मळलेल्या गोऱ्या माणसासारखा दिसतो. पायापासूनच वेगळं मिश्रण करा: दोन भाग फ्लॅट ब्राऊन, दोन भाग फ्लॅट फ्लेश. हे कागदावर लावून वाळल्यावर बघा, कारण ॲक्रिलिक वाळून एक छटा गडद होतो. तुमच्या स्वतःच्या हाताशी ताडून पाहणं हा उत्तम मार्ग आहे. सावलीला यात बर्न्ट अंबर: डोळ्यांच्या खोबणीत, नाकाच्या दोन्ही बाजूंना, खालच्या ओठाखाली, हेल्मेटच्या पट्ट्यालगत. उजेडाला फ्लॅट फ्लेश वाढवत जा. सावळ्या त्वचेवर उजेड पसरत नाही, एका जागी चकाकतो. म्हणून तो नाकाचा शेंडा, गालाचं हाड, भुवईवरचं कपाळ आणि हनुवटी एवढ्यापुरताच, पण ठळक द्या. ओठांना फ्लॅट ब्राऊन पुरेसा आहे. गुलाबी ओठ आणि गुलाबी गाल टाळा.

डोळे पायाच्या थरानंतर लगेच, म्हणजे चूक झाली तर भोवतीचा रंग देताना झाकता येते. माणसाचं बुबुळ साधारण १२ मि.मी., इथे ते मि.मी.च्या एक तृतीयांश होतं. आधी डोळ्याची पूर्ण फट बर्न्ट अंबरने भरा. त्यात पांढऱ्यात किंचित फ्लॅट फ्लेश मिसळून आडवी रेघ, वर-खाली गडद कड राखून. शुद्ध पांढरा दिला की डोळे वटारलेले दिसतात. मग काळ्या-तपकिरीची एक उभी रेघ, वरच्या पापणीपासून खालच्या पापणीपर्यंत पोचलेली. ती दोन्ही पापण्यांना टेकली नाही तर सैनिक भूत बघितल्यासारखा दिसतो. हाताला जो अवघड वाटतो तो डोळा आधी करा, दुसरा त्याच्याशी जुळवणं सोपं जातं. एवढं जमत नसेल तर पांढरं मुळीच देऊ नका. हेल्मेटच्या सावलीतल्या डोळ्याला गडद फट शोभून दिसते. मिशी हवी असेल तर काळ्यात बर्न्ट अंबर घालून, केस खालच्या दिशेने.

शेवटचा हात

मॅट व्हार्निशची बाटली पूर्ण एक मिनिट हलवा. चमक घालवणारी पूड तळाशी बसते; न हलवता लावलं तर बूट-कपडे सगळंच चकाकतं, आणि तळाचा गाळ लागला तर चुण्यांत पांढरे ओघळ. एकच पातळ थर. तो वाळल्यावर डोकं, हेल्मेट, पिशवी आणि बंदूक बसवा. चिकटायच्या जागेवरचा रंग आधी खरवडून घ्या, नाहीतर सिमेंट रंगाला धरेल, प्लास्टिकला नाही.

जमिनीसाठी चार सेंटिमीटरचा लाकडी ठोकळा, त्यावर एम-सीलचा तीन-चार मि.मी.चा थर. तो ओला असतानाच फिगरच्या टाचा त्यात हलकेच दाबून ठसा घ्या आणि टाचेच्या तारेसाठी भोक पाडा, म्हणजे सैनिक मातीवर ठेवलेला न वाटता मातीत उभा वाटेल. वर फेविकॉल आणि पाणी समप्रमाणात लावून चाळलेली रेती पेरा. जमिनीला जो रंग द्याल तोच, भरपूर पातळ करून, बुटांच्या कडांवर, अँकलेट्सच्या खालच्या टोकाला आणि गुडघ्यावर फिरवा. सैनिक गुडघा टेकून बसलेला असेल तर ज्या गुडघ्याने जमीन टेकली आहे त्याच गुडघ्यावर माती जास्त.